अर्ध्या थ्रॉटलला उड्या, वाऱ्यात कोलांटी : ४एस रेसिंग कॅटच्या सेटिंगचं एक प्रकरण

रिमोटवर चालणारी मॉडेल रेसिंग बोट. ७५० मिमी लांबीची, फायबरग्लासची कॅटॅमरान, म्हणजे कॅट. दोन बाजूंना दोन स्पॉन्सन, म्हणजे पाण्याला टेकणारी लांबट अंगं, मधे बोगदा. बॅटऱ्यांसकट वजन २.४ किलो. मोटर ४० मिमी जाडीची, चार पोलची ब्रशलेस, २००० केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, १८० ॲम्पियरचा, पाण्याने थंड होणारा. २एस, म्हणजे दोन-दोन सेलच्या, ५००० एमएएचच्या दोन लिपो बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या, म्हणजे एकूण ४एस, १४.८ व्होल्ट. मधोमध एकच फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा लवचिक तारेचा दांडा, मागे त्याला धरणारा स्ट्रट आणि उजव्या अंगाला बसवलेला रडर, म्हणजे सुकाणू. अमेरिकेतल्या नाम्बा आणि इम्पबा या संघटनांच्या वर्गवारीत ४एसच्या बोटी 'पी' गटात मोडतात. त्या हिशेबाने ही पी कॅट.

बांधली माझ्या पुतण्याने. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, हात चांगला आहे. हल, म्हणजे बोटीचं नुसतं अंग, तयार विकत घेतला, बाकी सगळं स्वतः बसवलं. तक्रार त्याने फोनवरच नीट सांगितली : "काका, अर्ध्या थ्रॉटलला उड्या मारते. पूर्ण दिला की सरळ धावते, पण परत येताना वाऱ्याच्या तोंडावर आली की उलटी होते. उजवीकडे वळताना गरकन फिरते. आणि मोटर इतकी तापते की हात ठेववत नाही. मोटर बदलू का?"

मोटर बदलायची नाही, एवढंच मी त्याला तेव्हा सांगितलं. कॅट नीट धावत नसेल तर बहुतेक जण आधी मोटरकडे, मग ईएससीकडे बोट दाखवतात आणि खर्चात पडतात. माझं मत वेगळं आहे. कॅटच्या सेटिंगमध्ये मुळात एकच गोष्ट ठरवायची असते : धावताना बोटीचं किती वजन पाणी उचलणार, किती हवा उचलणार आणि किती प्रोपेलर उचलणार. ही वाटणी बिघडली की उड्या, कोलांटी, गिरकी, तापणं ही सगळी लक्षणं एकाच वेळी दिसू शकतात.

हवेचा वाटा इथे फार मोठा असतो, म्हणून तो आधी सांगतो. दोन स्पॉन्सनच्या मधला बोगदा पुढे उघडा असतो. वेग वाढला की आत शिरणारी हवा वरच्या छताखाली दाबली जाते आणि बोटीला उचलते. २०१८च्या नोव्हेंबरात आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला कृष्णा नदीवर एफ१एच२ओच्या पॉवरबोट शर्यती झाल्या, त्या बोटी याच तत्त्वावर धावतात. पाण्याला टेकलेला भाग जितका कमी, तितका अडथळा कमी आणि वेग जास्त. पण हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इथे वेग धरायचा तो हवेच्या तुलनेतला. बोट ताशी ७० किमीने धावते आहे आणि वारा ताशी १० किमीचा आहे असं धरा. वाऱ्याबरोबर जाताना बोटीला ६० किमीची हवा लागते, वाऱ्यावर येताना ८० किमीची. दोन्हींच्या वर्गांचं गुणोत्तर जवळजवळ १.८ येतं. म्हणजे पाण्यावरचा वेग तोच, थ्रॉटल तोच, पण परतीच्या वाटेवर उचल पावणेदोन पट. पुतण्याची बोट जाताना शहाण्यासारखी का धावते आणि येताना का उलटते, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे. उरलेलं निम्मं उत्तर असं, की ही उचल गुरुत्वमध्याच्या पुढे लागते. नाक थोडं वर गेलं की हवेला जास्त पोट मिळतं, उचल आणखी वाढते, नाक आणखी वर जातं, आणि पतंग जसा वाऱ्यावर उभा राहतो तशी बोट उभी राहते. तेवढ्यात प्रोपेलर पाण्याबाहेर आलेला असतो, त्यामुळे सावरायला काहीच उरत नाही.

बोट पाण्यात न घालता आधी टेबलावर घेतली. जाड सपाट काच ठेवली, स्पॉन्सनचे तळ तिच्यावर टेकवले आणि व्हर्नियरने मोजायला सुरुवात केली. शाफ्टचा मध्य स्पॉन्सनच्या तळापेक्षा ४ मिमी वर होता. शिवाय स्ट्रटचं मागचं टोक पुढच्यापेक्षा वर उचललेलं होतं, अंदाजे दीड अंश. गुरुत्वमध्य ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, २१० मिमीवर, म्हणजे लांबीच्या २८ टक्क्यांवर. रडरचा वळणकोन दोन्ही बाजूंना ३५ अंशांच्या आसपास. प्रोपेलर ऑक्टुराचा एक्स४४७.

मोजता मोजता बांधणीतल्या तीन गोष्टी दिसल्या. त्या सेटिंगच्या नव्हत्या, म्हणून पाण्यावर जायच्या आधीच दुरुस्त केल्या.

पहिली, ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रोपेलरला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट यांच्यामधली फट. ती जवळजवळ नव्हतीच. फ्लेक्स केबल म्हणजे तारेचे थर एकमेकांवर उलट पीळ देऊन गुंडाळलेले असतात. जोर आला की तिला पीळ बसतो आणि ती लांबीत आखडते. मग मागचा डॉग पुढे ओढला जातो आणि फट नसेल तर स्ट्रटच्या बुशवर घासू लागतो. मोटर तापण्याचं हे एक कारण होतंच. बुशच्या तोंडावर चकाकणारी गोल घासणी स्पष्ट दिसत होती. कॉलेट, म्हणजे मोटरकडची केबलची पकड, सैल करून केबल मागे सरकवली आणि ३ मिमी फट ठेवली. केबल बाहेर काढलीच होती, तर पुसून मरीन ग्रीस लावलं. हे काम बोट चालवलेल्या प्रत्येक दिवसाच्या शेवटी करावंच लागतं. केबल पाण्यासकट नळीत राहिली की गंजते, आणि गंजलेली केबल पूर्ण वेगात तुटली तर कधी कधी प्रोपेलरसकट तळाला जाते.

दुसरी गोष्ट वायरींची. ईएससी मोटरच्या शेजारी मागे आणि बॅटऱ्या पुढे, म्हणून बॅटरीच्या वायरी त्याने लांबवल्या होत्या. हे उलट करायचं असतं. ईएससी बॅटरीतून प्रवाह सलग घेत नाही, झटक्याझटक्याने घेतो. बॅटरीकडच्या वायरी लांब असतील तर त्या झटक्यांनी व्होल्टेज वरखाली होतं आणि ईएससीच्या तोंडावरचे कपॅसिटर तापून फुटतात. लांबी लागणारच असेल तर ती मोटरच्या तीन वायरींना द्यावी. ईएससी पुढे घेतला, बॅटरीच्या वायरी कापून आखूड केल्या.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. स्पॉन्सनच्या मागच्या कडा साच्यातून निघाल्या तशाच गोलसर होत्या. कड गोल असली की पाणी सुटण्याऐवजी तिला चिकटून वर वळतं आणि बोटीचा मागचा भाग खाली ओढतं. कडेबाहेर चिकटपट्टीची भिंत उभी केली, इपॉक्सी भरली, सुकल्यावर सपाट लाकडाला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासली. नखाला टोचेल इतकी धार आली तेव्हाच थांबलो.

चाचणीसाठी गेलो पाझर तलावावर. शेततळं या बोटीला पुरत नाही. ३० मीटरचं तळं ताशी ७० किमीला दीड सेकंदात संपतं. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर राज्यभर पाझर तलाव खोदले गेले. पावसाळ्यानंतर त्यांत लांबलचक मोकळं पाणी मिळतं. ग्रामपंचायतीत सांगून ठेवलं होतं. सकाळी लवकर गेलो, कारण ऊन चढलं की वारा उठतो. पाण्यावर वारकरी पक्षी होते. ते पलीकडच्या काठाला सरकेपर्यंत बोट उतरवली नाही, आणि हा नियम मी कधीच सोडत नाही. रिमोट बंद केल्यावर थ्रॉटल शून्यावर येतो की नाही, म्हणजे फेलसेफ, तेही काठावर तपासून घेतलं. जवळच थर्माकोलच्या तराफ्यावर एक मासेमार जाळं टाकत होते. बोट उलटली तर आणून देतो म्हणाले. त्यांना आधीच सांगून ठेवलं, "मामा, मागून धरू नका. पुढून उचला, आणि मी हात वर केल्याशिवाय हात लावू नका." हा प्रोपेलर मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतो, बोटाचं हाड सहज कापतो.

आता एका वेळी एकच बदल. पहिला प्रोपेलरचा.

ऑक्टुराच्या क्रमांकांचा अर्थ सोपा आहे. एक्स४४७ म्हणजे पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर, व्यासाच्या १.४ पट आणि व्यास ४७ मिमी. एक्स४४२चं पिचचं प्रमाण तेच, व्यास ४२ मिमी. एकाच घाटाचे दोन प्रोपेलर सारख्याच फेऱ्यांवर फिरवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४७ भागिले ४२, त्याचा पाचवा घात १.७५. कागदावर पाऊणपट जास्त ओझं, फक्त ५ मिमीसाठी. पाण्यात ते खरंच दिसतं का, हे मोजायला महागडा डेटा लॉगर लागत नाही. बोट ठरावीक वेळ चालवायची आणि नंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघायचं. एक्स४४७वर २ मिनिटांत ३९०० एमएएच गेले होते, म्हणजे सरासरी ११७ ॲम्पियर. मोटर ९२ अंशांवर आणि बॅटरी ६३ अंशांवर पोचली होती. लिपो ६० अंशांपुढे गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. एक्स४४२ लावल्यावर ३ मिनिटांत ३७०० एमएएच गेले, सरासरी ७४ ॲम्पियर. मोटर ६१ अंश, बॅटरी ४८. आणि झाकणाखाली चिकटवलेल्या जीपीएसवर कमाल वेग ६९ वरून ७२ झाला होता. पुतण्याला हे पटेना. प्रोपेलर लहान केला तर वेग वाढला कसा? मोठ्या प्रोपेलरखाली मोटर दबत होती आणि फेरे पडत होते, म्हणून. हिशेब असा : २००० केव्ही गुणिले १४.८ म्हणजे २९,६०० फेरे. पिच ५८.८ मिमी. घसरण शून्य धरली तर ताशी १०४ किमी. ओझ्याखाली फेरे ८० टक्क्यांवर येतात, पाण्यात १०–१५ टक्के घसरण होते, म्हणजे ७१ ते ७५ उरतात. ७२ हा आकडा त्यात चपखल बसतो, म्हणजे सगळी यंत्रणा आपापल्या जागी काम करते आहे.

प्रोपेलरबद्दल एक इशारा देणं भाग आहे. ऑक्टुराचे हे प्रोपेलर बेरिलियम कॉपरचे असतात. नवा प्रोपेलर कधीच धारेला आणि तोलाला तयार नसतो. पात्यांच्या कडा घासाव्या लागतात, चुंबकी बॅलन्सरवर जड पातं हलकं करावं लागतं. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. कोरडा कधीच घासू नका. पाण्याखाली धरून ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावा, आणि ते पाणी फडक्याने टिपून घ्या.

मोटर थंड झाली, पण उड्या तशाच. दुसरा बदल स्ट्रटच्या कोनाचा.

हा प्रोपेलर अर्धाच पाण्यात असतो. तो बोटीला पुढे ढकलतो, त्याचबरोबर तिचा मागचा भाग उचलतोही. शाफ्टचं मागचं टोक खाली झुकलेलं असेल तर ढकल पुढे आणि किंचित वर जाते, मागचा भाग उचलला जातो, नाक खाली बसतं. मागचं टोक वर असेल तर उलट होतं : मागचा भाग खाली ओढला जातो आणि नाक वर येतं. इथे टोक दीड अंश वर होतं, शिवाय शाफ्ट ४ मिमी वर म्हणजे प्रोपेलर उथळ. बोट मागच्या बुडावर बसून धावत होती. अर्ध्या थ्रॉटलला बोगद्यातली हवा नाक धरून ठेवण्याइतकी नसते. नाक वर जायचं, पडायचं, परत वर जायचं, त्याच उड्या. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा हे अगदी उघड दिसलं : प्रत्येक उडीला आधी मागचा भाग दबत होता, नंतर नाक उठत होतं. नुसत्या डोळ्यांना ते उलटं वाटतं.

ॲलन की लावून स्ट्रट सैल केला, काचेवर ठेवून शाफ्ट स्पॉन्सनच्या तळाला समांतर केला. उंची मुद्दाम तशीच ठेवली. परत पाण्यात. उड्या जवळजवळ गेल्या. मग उंची बदलली, शाफ्टचा मध्य तळाच्या पातळीला आणला. आता बोट अर्ध्या थ्रॉटललाही सपाट. वेग ७२ वरून ६९ वर आला, कारण प्रोपेलर जरा जास्त पाण्यात होता आणि नाकही ओलं होतं. पुतण्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "थांब रे, वेग शेवटी परत मिळवायचा असतो. आधी तिला जमिनीवर आण."

वाऱ्यावर मात्र ती अजूनही एकदा गेलीच. मामांनी तराफा वळवला, मी हात वर केल्यावर पुढून उचलून आणली. आत पाणी शिरलं होतं, पण स्पॉन्सनच्या पुढच्या टोकांत फोम भरलेला असल्याने बुडाली नाही. फोम न भरता कॅट पाण्यात घालू नये.

तिसरा बदल गुरुत्वमध्याचा, आणि या प्रकरणाचा गाभा तोच. अशा कॅटला गुरुत्वमध्य मागून साधारण २८ ते ३३ टक्क्यांत ठेवतात. २८ म्हणजे मागची हद्द. वेगवान, पण नाक हलकं. लक्ष्य ठरवलं ३०.५ टक्के, म्हणजे २१० ऐवजी २२९ मिमी. फरक १९ मिमीचा. बोटीत सहज हलवता येण्यासारखं वजन म्हणजे दोन बॅटऱ्या, मिळून ५६० ग्रॅम. २४०० ग्रॅमच्या बोटीचा मध्य १९ मिमी पुढे न्यायचा तर ५६० ग्रॅम किती सरकवावे लागतील? १९ गुणिले २४०० भागिले ५६०, साधारण ८० मिमी. लोक इथेच चुकतात. वेल्क्रोवर बॅटरी बोटभर पुढे करतात आणि "फरक पडला नाही" म्हणतात. बोटभर सरकवली तर मध्य ४–५ मिमीच हलतो. आम्ही दोन्ही स्पॉन्सनमधल्या वेल्क्रोच्या पट्ट्या पुढे वाढवल्या, बॅटऱ्या ८० मिमी पुढे नेल्या, आणि हिशेबावर न थांबता बोट दोन बोटांवर तोलून परत मोजली. ईएससी पुढे घेतल्याने मध्य थोडा आणखी पुढे आलेला होता, म्हणून बॅटऱ्या किंचित मागे घ्याव्या लागल्या. २२९ वर पेन्सिलने दोन्ही बाजूंना खूण केली. खूण केल्याशिवाय पुढची फेरी नाही.

वारा आता मघापेक्षा जास्त होता. पुतण्याने पूर्ण थ्रॉटल दिला, बोट वाऱ्याच्या तोंडावर आली, नाक हाताच्या बोटाएवढं उचललं आणि तिथेच टिकलं. परत एकदा. परत टिकलं. तेव्हा शाफ्ट एक मिमी वर घेतला. नाक सुटं झालं, वेग ७१.

वळणाचं काम त्यामानाने लवकर आटोपलं. मॉडेल बोटींच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात, सगळी वळणं उजवीकडे. मागून पाहिल्यास हा प्रोपेलर घड्याळाच्या उलट फिरतो, पाण्यातलं पातं डावीकडून उजवीकडे जातं, मागचा भाग डावीकडे ढकलला जातो आणि नाक आपोआप उजवीकडे ओढ घेतं. त्यात रडर ३५ अंश वळला की पातं पाणी कापत नाही, आडवं उभं राहतं. वरून हवा शोषून घेतं आणि पकड सोडतं. मागचा भाग निसटला की गिरकी. गुरुत्वमध्य पुढे आल्याने ट्रान्समवरची टर्न फिन, म्हणजे वळताना पाण्यात पकड देणारं पातं, त्याच्यापासून आणखी मागे गेली होती, त्यामुळे निम्मी गिरकी आधीच कमी झाली होती. रिमोटमध्ये रडर २० अंशांवर बांधला, उजव्या फिनच्या पुढच्या कडेला कानशीने धार लावली. शिवाय पुतण्याला एक सवय लावली : वळणात थ्रॉटल एकदम सोडायचा नाही. सोडला की हवेची उचल संपते, नाक पाण्यात खुपसतं आणि बोट त्या टोकाभोवती फिरते. वळणाच्या आधी थोडा कमी करायचा आणि वळणभर तेवढाच धरायचा.

शेवटची नोंद त्याच्या वहीत अशी आहे : एक्स४४२, शाफ्ट तळापासून १ मिमी वर, कोन शून्य, गुरुत्वमध्य २२९ मिमी, रडर २० अंश, फट ३ मिमी. धावायची वेळ ३ मिनिटं, त्यापुढे नाही, कारण ५००० पैकी २० टक्के बॅटरीत राहिलेच पाहिजेत.

हे सेटिंग सपाट पाण्याचं आहे. शर्यतीत पाच-सहा बोटींनी पाणी घुसळलेलं असतं, तिथे ते सुटं पडेल. त्यासाठी शाफ्ट परत तळाच्या पातळीला आणि बॅटऱ्या १५ मिमी पुढे, असं दुसरं सेटिंग आम्ही धरलं आहे. वेल्क्रोवर त्याची वेगळी लाल खूण केली आहे. त्याची चाचणी अजून बाकी आहे. ती एकट्या बोटीने होत नाही, सोबत पाणी घुसळायला आणखी एक बोट लागते. पुतण्याच्या कॉलेजातल्या मित्राची मोनो, म्हणजे एकाच अंगाची बोट, त्यासाठी तयार होते आहे. तिच्या शाफ्टची फट आधी तपासायला मी सांगितलं आहे.